पंचाहत्तर मिनिटांतली एकोणीस : नोकरी सांभाळून लिहिल्या जाणाऱ्या एका कादंबरीचा हिशेब

त्रेचाळीस वर्षांची लेखिका. राहायला नागपूरच्या मनीषनगरात, नोकरी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात, लिपिकाची. एक कथासंग्रह निघालेला, दिवाळी अंकांतून वर्षाला एखाद-दुसरी कथा. आता काटोलकडच्या संत्रा बागायतदार कुटुंबावर कादंबरी हाती घेतली आहे : बाप गेल्यावर उरलेले दोन भाऊ, एक सातबारा, आणि हक्कसोडपत्रावर सही करायला तयार नसलेली बहीण. चौदा महिन्यांत ३१,००० शब्द झाले. डेमी आकारातली अडीचशे पानांची कादंबरी म्हणजे साधारण ६५,००० शब्द. याच चालीनं गेलं तर कच्चा खर्डा व्हायलाच आणखी सव्वा वर्ष.

तिची तक्रार एका वाक्याची आहे : रोज रात्री दीड तास बसते, पण हाताला काही लागत नाही. उद्दिष्ट रोजचे १,००० शब्द. ते चौदा महिन्यांत सहा-सात वेळा गाठलं गेलं.

लेखिका आणि तिच्या नोंदवहीतले आकडे हे प्रकरण उभं करण्यासाठी बेतलेले आहेत. नोकरी करून लिहिणाऱ्यांचं घोडं जिथे नेहमी अडतं, त्या जागा एकाच माणसात गोळा केल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र कुणालाही जशीच्या तशी वापरता येईल.

आधी उद्दिष्टाचाच झाडा

रोज हजार शब्द हा आकडा मराठीत इंग्रजी लेखन-सल्ल्यांतून आला. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅनोरायमो या उपक्रमात नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द लिहायचे असत, म्हणजे रोजचे १,६६७. तो आकडा पुढे जगभर फिरला. त्यातूनच 'निदान हजार तरी' अशी सोयीची घट करून घेतलेली दिसते. पण तो मोजला गेलाय इंग्रजीच्या मापानं.

मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'घरासमोरच्या झाडाखाली बसलेल्यांनीही' हे तीन शब्द झाले. हेच इंग्रजीत सांगायला दहा-अकरा शब्द लागतात. प्रत्येक वाक्यात एवढी तफावत नसते, पण एकच मजकूर दोन्ही भाषांत असला की मराठीची शब्दसंख्या कमी भरते हे कुणीही अनुवादक सांगेल. म्हणजे मराठीत हजार शब्द लिहिणारा माणूस इंग्रजीत हजार लिहिणाऱ्यापेक्षा जास्त मजकूर लिहीत असतो, आणि रात्री अकरा वाजता स्वतःला आळशी ठरवून झोपत असतो.

म्हणून पहिला निर्णय असा की उद्दिष्ट तात्पुरतं काढून टाकायचं. दोन आठवडे नुसती नोंद ठेवायची, सवयी जशा आहेत तशाच चालू द्यायच्या. हे दोन आठवडे लोकांना फुकट गेल्यासारखे वाटतात. पण नोंद नसली की माणूस आपल्या आवडीचा दोष पकडतो. या लेखिकेला स्वतःच्या 'मूड'वर संशय होता, आणि तो संशय चुकीचा निघाला.

नोंदवही

शंभर पानी वही, रकाने पाच : बसल्याची वेळ, पहिलं नवं वाक्य लिहिलं ती वेळ, उठल्याची वेळ, सुरुवातीची आणि शेवटची शब्दसंख्या, आणि मध्ये थांबलं तर कशामुळे. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच भरायचा लोकांना कंटाळा येतो.

६ जानेवारी ते १९ जानेवारी या चौदा दिवसांत ती अकरा दिवस बसली. संक्रांतीच्या आसपासचे दोन दिवस आणि एक लग्न, असे तीन गेले. एकूण बैठक ८२५ मिनिटं, म्हणजे सरासरी पंचाहत्तर. तिच्या मनातला दीड तास मुळातच सव्वा तास होता. त्या ८२५ मिनिटांची वाटणी अशी निघाली : आधीचं वाचून त्यात दुरुस्त्या करण्यात ३१०, पुढे काय लिहायचं हे ठरवण्यात १६५, मोबाइल आणि शोधाशोधीत १४०, आणि नवं लिहिण्यात २१०.

म्हणजे पाव हिस्सा. एका बैठकीतली जेमतेम एकोणीस मिनिटं.

त्या २१० मिनिटांत २,९४० शब्द झाले होते, मिनिटाला चौदा. विचार करत कथालेखन करणाऱ्यासाठी हा वेग उत्तम आहे. प्रश्न लिहिण्याच्या वेगाचा नव्हताच. शिवाय २,९४० पैकी १,०२० शब्द तिनं दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीत खोडले, निव्वळ भर १,९२० राहिली. रोज पहिला अर्धा तास ती कालचं लिखाण पुसत होती, आणि त्यालाच लिहिणं समजत होती.

तीन गळत्या

पहिली गळती, मागचं वाचणं. एकच मोठी फाइल, ती उघडली की पहिल्या प्रकरणापासून दिसते. लेखिका 'लय पकडण्यासाठी' शेवटची आठ-दहा पानं वाचायची. वाचताना एखादं विशेषण खटकतं, ते बदललं की पुढचं वाक्य लंगडतं, आणि अर्धा तास जातो. पहिलं प्रकरण तिनं चौदा महिन्यांत इतक्या वेळा घासलं आहे की त्याची भाषा बाकीच्या पुस्तकाशी जुळेनाशी झाली आहे. हा तोटा शब्दसंख्येत दिसत नाही, पुढे संपादकाला दिसतो.

दुसरी गळती, शोधाशोध. दोघे भाऊ बागेचा बहार विकायला काढतात, त्या दृश्यात तिनं मृग बहाराची फळं दिवाळीत उतरवली. शंका आली, मोबाइल घेतला. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. मृग बहार पावसाच्या तोंडावर जून-जुलैत फुलतो आणि फळं फेब्रुवारीनंतर येतात. एवढं कळायला पाच मिनिटं पुरतात. पण मग झाडांना ताण कसा देतात, तो कधी तोडतात, कोळशी रोगात पानं का काळी पडतात, असं करत त्या रात्री पन्नास मिनिटं गेली आणि शब्द झाले साठ. माहिती कामाचीच होती, वेळ चुकली.

तिसरी गळती बाहेरच्या माणसाला दिसणार नाही, आणि विदर्भात लिहिणाऱ्यांना ती फार छळते : बोलीचं लेखन. पात्रं वऱ्हाडी-नागपुरी बोलतात. 'करून राहिला' लिहायचं, की 'राह्यला', की 'रायला'? 'काहून' की 'कावून'? 'पाहिजे', 'पाह्यजे' की 'पायजे'? प्रमाण मराठीसाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम आहेत. बोलीसाठी असं छापील कोष्टक हाताशी नसतं. त्यामुळे संवादाच्या प्रत्येक ओळीवर एक छोटी पंचायत बसते. नोंदवहीत 'थांबण्याचं कारण' या रकान्यात नऊ वेळा नुसतं 'राह्यला?' असं लिहिलेलं आहे.

टंकलेखनाचा भाग यापुढे किरकोळ, पण होता. कार्यालयात ती इनस्क्रिप्ट या कळफलकावर टंकते. लिपिकाच्या नोकरीला मराठीचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो, आणि तो तिच्या बोटांत आहे. घरी मात्र रोमन अक्षरांतून उच्चारानुसार टंकायची सवय. त्यात प्रत्येक शब्दाला पर्यायांची यादी उघडते, यादीत हिंदी शब्द वर येतात, आणि 'वाऱ्यावर' किंवा 'बिचाऱ्या' लिहिताना 'र्य' होऊन बसतं. डोळे वाक्यावरून उडून यादीवर जातात. यावर इलाज दहा मिनिटांचा होता : घरच्या लॅपटॉपवरही इनस्क्रिप्ट सुरू करणं. त्यात शिफ्ट धरून 'र'ची कळ, मग पाय मोडायची, मग 'य', की 'ऱ्य' नीट उमटतो. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांनी मात्र कादंबरीच्या मध्यावर ते शिकायला घेऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे हात इतका अडखळतो की गोष्टीतलं लक्षच उडतं. मिनिटाला चौदा शब्द कोणत्याही पद्धतीनं निघतात.

काय बदललं

२० जानेवारीपासून बारा आठवडे. बदल चार, आणि ते एकदम लादले नाहीत. पहिल्या आठवड्यात फक्त वेळ आणि फाइल बदलली, बाकीचं दुसऱ्यापासून.

वेळ पहाटे सव्वापाच ते सहा. रात्री दहा म्हटलं की स्वयंपाकघर आवरून, मुलीची वह्या-पुस्तकं बघून, सासूबाईंची मालिका संपून साडेदहा होतात. सहाला नळ येतो, त्यामुळे पहाटेच्या बैठकीला आपोआप दुसरं टोक मिळतं. ते टोक महत्त्वाचं, कारण पंचेचाळीस मिनिटं संपणार हे माहीत असलं की माणूस विशेषणं घासत बसत नाही. याची किंमत म्हणजे सव्वादहाला दिवा बंद. ती घरात आधी बोलून घ्यावी लागते. न बोलता सुरू केलेली पहाट आठवडाभर टिकते.

फाइल रोजची वेगळी. नाव म्हणून नुसता अनुक्रमांक : ००१, ००२. नव्या फाइलच्या डोक्यावर कालच्या शेवटच्या तीन ओळी चिकटवायच्या, मागचं काहीही उघडायचं नाही. सगळ्या फाइली रविवारी जोडायच्या. खोडण्याचं काम बंद झालं नाही, त्याला वार मिळाला.

शंका आली की 'ङङ' टंकायचं आणि पुढे जायचं. 'इथे बहार कोणता ङङ', 'सब-रजिस्ट्रार कचेरी कुठे ङङ'. ही दोन अक्षरं मराठीत कधी लागोपाठ येत नाहीत, त्यामुळे रविवारी शोध-खिडकीत टाकली की सगळ्या शंका रांगेत उभ्या राहतात. तारांकन किंवा प्रश्नचिन्ह वापरलं तर खरी प्रश्नचिन्हंही त्यात सापडतात. शुद्धलेखनालाही हाच नियम. विहीर दीर्घ, विहिरीत ऱ्हस्व, हे तिला येतं, पण पहाटे पाच पंचवीसला त्याची खात्री करण्याचं कारण नाही.

बोलीसाठी एका रविवारी दोन तास बसून तक्ता केला. चाळीस शब्द, प्रत्येकाचं एकच रूप : राह्यला, काहून, पाह्यजे, मले, तुले, नाई, लय. शेजारी कोणतं पात्र किती बोलीत बोलतं तेही. थोरला घरात पूर्ण बोलीत, कचेरीत अर्धा. धाकटा पुण्याला शिकून आलेला, तो रागावला तरच बोलीत. बहीण सगळीकडे बोलीत. तक्ता भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरलाच पाहिजे असं नाही, पुस्तकभर एकसारखा असला की झालं. 'तुले एवढी घाई काहून होऊन राह्यली?' हे वाक्य एकदा ठरलं की पुन्हा ठरवावं लागत नाही. हा तक्ता करण्यात गेलेले दोन तास सगळ्या प्रकरणात सर्वांत फायद्याचे ठरले, आणि तरीही बरेच जण हे काम पुस्तक संपल्यावर करतात.

दृश्यपत्र

आता मुख्य गोष्ट. १६५ मिनिटं 'काय लिहायचं' यात जात होती, ती बैठकीतून उचलून मेट्रोत नेली.

संध्याकाळी ती कस्तुरचंद पार्कला चढते आणि उज्ज्वलनगरला उतरते, मध्ये सात स्थानकं. सीताबर्डीला गाडी रिकामी होते आणि पुन्हा भरते, तिथे बहुतेक बसायला जागा मिळते. तेवढ्या प्रवासात पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी लिहायच्या. कागदावरच, कारण मोबाइल हातात घेतला की दृश्याऐवजी निरोप वाचले जातात.

पहिली ओळ : कोण, कुठे, किती वाजता. दुसरी : या दृश्यात कुणाला काय हवं आहे. तिसरी : आडवं काय येतं. चौथी : दृश्य संपताना काय बदललेलं असेल. पाचवी : पहिलं वाक्य, पूर्ण.

विहिरीजवळच्या दृश्याचं पत्र असं होतं :

१. धाकटा आणि बहीण, बागेतली विहीर, दुपारचे तीन, फेब्रुवारी.
२. धाकट्याला सही हवी. व्यापारी उद्या उभा बहार बघायला येतोय, त्याआधी कागद हातात पाहिजे.
३. बहीण सहीचा विषयच काढू देत नाही. आईचे दागिने कुठे आहेत ते विचारते.
४. दागिने थोरल्यानं कधीच गहाण टाकलेत हे धाकट्याला तिच्याकडून कळतं.
५. "पाणी लय खाली गेलं न रे," ती विहिरीत वाकून म्हणाली.

त्या पहाटे चाळीस मिनिटांत ५१० शब्द झाले.

पत्रं बिघडतात ती बहुतेक तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत. चौथ्या ओळीत 'दोघांचं भांडण होतं' लिहिलं तर ती घटना झाली, बदल नव्हे. भांडण झाल्यावर कुणाला काय नवं कळलं, कुणाच्या हातून काय गेलं, ते लिहायचं. तिसऱ्या ओळीत 'पाऊस येतो', 'फोन वाजतो' असे बाहेरचे अडथळे आले की दृश्य सव्वाशे शब्दांत आटोपतं, कारण पाऊस वाद घालत नाही. समोरच्या माणसाला दुसरंच काही हवं असलं की पानं भरतात. पाचव्या ओळीत वाक्य अर्धवट ठेवलं किंवा 'विहिरीचं वर्णन' असं लिहिलं की पहाटेची दहा मिनिटं गेलीच समजा.

पत्राप्रमाणे लिहिलंच पाहिजे असं नाही. साधारण तीनात एकदा दृश्य भलतीकडे गेलं. ते चालतं. लिहायला लागल्यावर वाट सोडणं आणि लिहायला बसल्यावर वाट शोधणं, या दोहोंत पाऊण तासाचा फरक आहे.

उद्दिष्ट परत आलं, पण वेगळं

मिनिटाला चौदा शब्दांनी पंचवीस मिनिटांत ३५० होतात. पंचेचाळीस मिनिटांतली पंचवीस खऱ्या लेखनाची धरली, उरलेली पाणी प्यायला आणि खिडकीतून बघायला. म्हणून रोजचं माप ३५०. त्याशिवाय दोन आकडे जोडले. खालचा ६० : वाईट दिवशीही पाच मिनिटं बसून एवढे लिहायचे, नोंदवहीत दिवस कोरा ठेवायचा नाही. आणि वरचा ६००, जो पाचव्या आठवड्यात एक फटका बसल्यावर घातला.

त्या आठवड्यातल्या रविवारी घरात कुणी नव्हतं. ती सकाळभर बसली, १,४५० शब्द केले, तीन दृश्यं उरकली. सोमवारी पहाटे फाइल उघडली तर हातात पत्र नाही, कारण पत्रात होतं ते सगळं लिहून झालेलं. पुढचे चार दिवस कोरे गेले. एका बैठकीत विहीर आटेपर्यंत उपसली की झरे भरायला वेळ लागतो, हे काटोलच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तेव्हापासून ६०० झाले की उठायचं, आणि उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडायचं. सुचत असताना उठणं अंगावर येतं, पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होते. दुसऱ्या पहाटे ते अर्धं वाक्य पुरं करतानाच हात सुरू होतो.

सातव्या आठवड्यात उलटी चूक झाली. पत्र आवडू लागलं, पाच ओळींची दोन पानं झाली, संवादसुद्धा त्यातच. पहाटे लिहायला उरलं काय? नुसतं उतरवून काढणं. दोन दृश्यं अशी मेलेली निघाली. पोस्टकार्डाचा आकार म्हणूनच पाळायचा. त्यात मावत नाही ते अजून ठरवायचं नाही.

बारा आठवड्यांचा ताळा :

आठवडे १–२ : ११ दिवस, २,६४० शब्द
आठवडे ३–४ : १३ दिवस, ४,८१० शब्द
आठवडे ५–६ : ९ दिवस, ४,०५० शब्द
आठवडे ७–८ : १२ दिवस, ४,९२० शब्द
आठवडे ९–१० : १० दिवस, १,९०० शब्द
आठवडे ११–१२ : १२ दिवस, ५,२८० शब्द

एकूण ६७ दिवस, २३,६०० शब्द, लेखनाचे तास सुमारे ४८. तासाला जिथे २१४ शब्द पडत होते तिथे ४९० च्या आसपास पडू लागले. नववा-दहावा आठवडा म्हणजे १७ ते ३० मार्च, सरकारी कार्यालयातला मार्च एंड. घरी यायला नऊ वाजत होते, मेट्रोत डोळे मिटत होते, पत्रं झाली नाहीत. त्या दिवसांत साठ शब्दांच्या खालच्या मापानं काम केलं. १,९०० शब्द ही काही कमाई नव्हे, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरू करताना पात्रांची नावं आठवावी लागली नाहीत. याआधीचा एक मार्च आणि विधिमंडळ अधिवेशनाचे दोन डिसेंबर असे होते की त्यानंतर महिना-महिना फाइल उघडलेली नव्हती. चौदा महिन्यांतले ३१,००० असे विरळ का होते याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दर्जाचं काय

भराभर लिहिलेलं भुसभुशीत असणार, हा आक्षेप रास्त आहे आणि तपासता येतो. बारा आठवड्यांनंतर नव्या मजकुरातल्या पहिल्या तीन प्रकरणांवर हात फिरवला तेव्हा साधारण १८ टक्के शब्द गेले. जुन्या पद्धतीत दुसऱ्याच दिवशी ३५ टक्के जात होते. गेलेल्या शब्दांत एक खूण मात्र दिसली : बहुतेक बैठकांचा पहिला परिच्छेद, साठ-सत्तर शब्द, काढला तरी दृश्याचं काही बिघडत नव्हतं. हवा, उजेड, कोण कुठे उभं आहे. इंजिन तापवण्याचा धूर. वाक्य अर्धं सोडायला लागल्यापासून हा धूर कमी झाला, पूर्ण गेला नाही. रविवारच्या जोडणीत आता पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघायची पायरी घातली आहे.

जिथे जुनी पद्धत सरस ठरली ते एक ठिकाण सांगायला हवं. बापाच्या मृत्यूनंतरचं दहाव्याचं प्रकरण पहाटेच्या पंचेचाळीस मिनिटांत बसलं नाही. तीनदा पत्र केलं, तीनदा ३५० शब्द झाले, तिन्ही वेळा उपरं वाटलं. ते शेवटी एका सुटीच्या दिवशी सलग पाच तास बसून झालं, वरचा ६०० चा आकडा मोडून. कादंबरीत अशी दोन-तीन प्रकरणं असतात. त्यांच्यासाठी रजा टाकावी, रोजच्या मापात कोंबू नये.

पुढचे अडथळे

एप्रिल सरला की नागपूर पारा दाखवू लागतं. पंचेचाळीसच्या घरातल्या दिवसानंतर रात्रीही भिंती तापलेल्या असतात, झोप बाराच्या आधी लागत नाही, आणि सव्वापाचची बैठक तिथेच कोसळते. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की आणखी. उपाय म्हणून बैठक हलवलेली नाही. पहाट हीच त्या दिवसांतली एकमेव निवांत वेळ, दुपारी अर्धा तास झोप काढणं कार्यालयात शक्य नाही, म्हणून मेपुरतं रोजचं माप ३५० वरून २०० केलं आहे. कूलरचा आवाज काहींना चालतो, तिला चालत नाही. लिहिण्याची पंचेचाळीस मिनिटं तो बंद ठेवून गच्चीवर बसायचं ठरलं आहे. दृश्यपत्राचं कार्ड कूलरच्या झोताजवळ ठेवू नये, दमट हवेत कागद मऊ पडतो आणि शाईच्या पेननं लिहिलेलं पसरतं. बॉलपेन वापरावं.

दुसरा अडथळा जून-जुलैत येईल. दिवाळी अंकांचे संपादक कथा मागतात आणि नकार देणं जिवावर येतं. मराठीत 'मनोरंजन' मासिकानं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढल्यापासून लेखकांच्या पावसाळ्याचं वेळापत्रक त्यांच्याच हातात आहे. दोन कथा म्हणजे जुन्या हिशेबानं दोन महिने कादंबरी बंद. आता अशी सोय केली आहे : कथेसाठी वेगळी वही, कथेला आठवड्यातून चार पहाटा. उरलेल्या तीन पहाटांना कादंबरीचे साठ-साठ शब्द, पत्रासकट. कथा एकच घ्यायची की दोन, यावर अजून तिचं आणि तिच्या नोंदवहीचं एकमत झालेलं नाही.